माठावर ग्रीक चित्र काढायचं असेल तर

माझे वडील चादरीच्या कारखान्यात जकार्डचे ग्राफ काढायचे. सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत रात्री दिव्याखाली चौकटीचा कागद पसरून बसत आणि लाल पेन्सिलीनं एकेक घर भरत. त्या घरांवरून पुढं पुठ्ठ्यांना भोकं पडायची आणि मागावर मोर उठायचा, कमळ उठायचं. "रिपीट जुळला पाहिजे," एवढंच ते सांगत. नक्षी जिथं संपते तिथंच ती पुन्हा सुरू व्हायला हवी, मध्ये अर्धं घरही उरता कामा नये. पुढं ए.टी.डी., म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करताना पुस्तकात ग्रीक भांड्यांची चित्रं पाहिली. त्यांच्या मानेवरची वळणावळणाची पट्टी बघितली आणि वडिलांचे ग्राफच डोळ्यासमोर आले.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर मे महिन्यात मी गल्लीतली आठ-दहा पोरं गोळा करते आणि आम्ही गच्चीवर माठ रंगवतो. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समध्ये रंगवत तसे, तांबड्या मातीवर काळ्या आकृती. कसं करायचं हे विचारणारे बरेच भेटतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

आधी भांड्याचं काम ठरवा

माठ हातात आला की प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, "बाई, काय काढू?" मी उलट विचारते, हे भांडं कशाचं? पाण्याचं, तेलाचं, की कुणाला बक्षीस द्यायचं? उत्तर मिळेपर्यंत ब्रश हातात देत नाही. ग्रीक भांडी आज काचेच्या कपाटात बसली आहेत, पण घडली ती वापरायला, आणि त्यांच्यावरचं चित्र त्या वापरातून आलं.

हायड्रिया घ्या. ही पाण्याची घागर. तिला तीन कान असतात, बाजूचे दोन उचलायला आणि मागचा एक ओतायला. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरीस अथेन्समध्ये या घागरींवर पाणवठ्याचं चित्र फार काढत. भिंतीतल्या सिंहाच्या तोंडातून पाणी पडतंय, बायका ओळीनं येतायत, जातायत, बोलतायत. येणारीच्या डोक्यावर घागर आडवी आहे, कारण ती रिकामी आहे. जाणारीच्या डोक्यावर उभी, कारण ती भरलेली. एवढ्या एका गोष्टीवरून कोण येतंय आणि कोण जातंय ते कळतं. मी हे चित्र दाखवलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "बाई, हे तर आमच्या नळावरचंच आहे." चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावातल्या पोरीला ते समजवून सांगावं लागत नाही. तिनं तिच्या माठावर नळाची रांगच काढली, आणि रिकाम्या घागरी आडव्या.

क्रेटर म्हणजे मद्यात पाणी मिसळायचं मोठ्या तोंडाचं भांडं. निव्वळ मद्य पिणं ग्रीकांना रानटी वाटे. कायलिक्स ही दोन कानांची पसरट वाटी, तिचं मुख्य चित्र आत तळाशी. पिणारा पीत जाईल तसं ते उघडं पडतं. अथेन्सच्या मोठ्या उत्सवात शर्यत जिंकणाऱ्याला ऑलिव्ह तेलानं भरलेले मोठे अँफोरा, म्हणजे दोन कानांचे उंच रांजण, मिळत. त्यांच्या एका अंगाला शस्त्र घेतलेली अथेना देवी, दुसऱ्या अंगाला ज्या खेळाचं बक्षीस तो खेळ. बाकी सगळीकडे चित्रांची पद्धत बदलली तरी या बक्षिसाच्या भांड्यांवर जुनीच काळी आकृती चालू राहिली. मान होता तो.

आणि मरणाची भांडी. इ.स.पू. ७५०च्या आसपासचा, अथेन्सच्या स्मशानातला एक अँफोरा आहे, दीड मीटरहून उंच. तो थडग्यावर खूण म्हणून उभा केलेला. अंगभर नक्षीच्या पट्ट्या, आणि बरोबर दोन कानांच्या मध्ये एका चौकटीत मृत व्यक्ती तिरडीवर, भोवती केसांना हात लावून रडणारी माणसं. थडग्यावरच्या अशा काही भांड्यांच्या बुडाला भोक असे, म्हणजे वरून ओतलेलं खालच्या मातीत जायचं. आपल्याकडे खांद्यावर मडकं घेऊन प्रदक्षिणा घालतात, एकेक भोक पाडतात, पाण्याची धार जमिनीवर पडते आणि शेवटी मडकं मागं टाकून देतात. वडिलांच्या वेळी माझ्या भावानं ते केलं. त्या ग्रीक भांड्याचं चित्र पाहताना मला आजही तो आवाज ऐकू येतो. मडकं हे माणसाच्या देहासारखं आहे, हे दोन्हीकडच्या लोकांना वाटलं होतं. पोरांना मी हे चित्र दाखवते, पण त्यावरून काही काढायला लावत नाही.

माठ कसा निवडायचा

कुंभाराकडूनच घ्या. रस्त्याकडेला ऑइलपेंट मारलेले मिळतात ते नकोत, त्यांच्यावर रंग बसत नाही. माठ उचलून बोटानं वाजवा, खणखणीत वाजला तर घ्या, बद्द आवाज आला तर कुठंतरी चीर आहे. पहिल्या खेपेला लहान घ्या, पण गळा, खांदा आणि पोट वेगळं कळेल असा. हे तीन भाग स्पष्ट नसतील तर पट्ट्या कुठं घालायच्या तेच समजत नाही. ग्रीक भांड्यांना खाली पाय असतो, आपला माठ बुडाला गोल, थापटणीनं ठोकून वाढवलेला. मी आमच्या कुंभारमामांना आधी सांगून बैठक लावून घेते. नसेल तर परातीत चुंबळ ठेवून त्यावर माठ बसवा, काम होतं.

आणलेला माठ ओल्या फडक्यानं पुसून दोन दिवस उन्हात ठेवा. मे महिन्यात सोलापुरात एक दिवसही पुरतो.

पट्ट्या

ग्रीक चितारी आडव्या रेघांसाठी भांडं चाकावर ठेवत. ब्रश एका जागी धरायचा आणि भांडं फिरवायचं. घरी दोघं लागतात. एकानं परात हळूहळू फिरवायची, दुसऱ्यानं कोपर गुडघ्यावर टेकवून ब्रश स्थिर धरायचा. ब्रश हलवून रेघ काढायला गेलात तर ती नक्की वाकडी येणार. खांद्यावर एक रेघ आणि पोटाच्या खाली एक. खालची रेघ म्हणजे जमीन, आकृत्या तिच्यावर उभ्या राहतील.

आता गळ्याखालची वळणदार नक्षी. आम्ही तिला शाळेत ग्रीक बॉर्डर म्हणायचो. माठाच्या गळ्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळा आणि बरोबर जिथं टोकं भेटतात तिथं कापा. फूटपट्टी वापरू नका, घडी घाला. आधी तिहेरी घडी, मग त्याची दोनदा निम्मी, म्हणजे १२ भाग होतात. प्रत्येक भागाला आडवी चार घरं पाडा आणि उंचीला तीन. माझ्या एका माठाचा घेर ४८ सेंटीमीटर निघाला, तिथं घर बरोबर एक सेंटीमीटरचं पडलं. घेर किती का असेना, घडी घातल्यावर नक्षी आपोआप जुळते.

आता खालच्या डाव्या कोपऱ्यातून पेन्सिल न उचलता जा: वर तीन घरं, उजवीकडे तीन, खाली दोन, डावीकडे एक, वर एक, डावीकडे एक, खाली दोन, उजवीकडे तीन. तुम्ही पुढच्या भागाच्या कोपऱ्यात पोचलात. पुन्हा तेच. बाराव्या भागाच्या शेवटी रेघ पहिल्या रेघेला येऊन मिळते. सातवीतल्या एका पोराचा पहिल्यांदा रिपीट जुळला तेव्हा तो माठ हातात धरून दोनदा पूर्ण गोल फिरला आणि शिवण कुठं आहे ते शोधत राहिला.

पट्टीच्या मागं शिसपेन्सिल घासून नक्षी माठावर उतरवा आणि मग काळ्यानं भरा. दोन नंबरचा ब्रश पुरतो.

आकृती

इथं घाई करू नका. पोटाच्या दोन रेघांमध्ये जी जागा आहे तीत दोन किंवा तीन मोठ्या आकृत्या पुरेत. बारीक गर्दी जमणं फार कठीण. ती पाहायची असेल तर क्लाइटियास या चिताऱ्यानं इ.स.पू. ५७०च्या सुमारास रंगवलेला क्रेटर पाहा. उंची ६६ सेंटीमीटर, आणि त्यावर माणसं-प्राणी मिळून सुमारे २७० आकृत्या. बऱ्याच जणांच्या शेजारी नावंही लिहिली आहेत. फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात १९०० साली एका पहारेकऱ्यानं त्यावर स्टूल फेकलं आणि त्याचे ६३८ तुकडे झाले. ते तुकडे जोडून तो पुन्हा उभा केला. मी पोरांना हे मुद्दाम सांगते, कारण दरवर्षी कुणाचा तरी माठ गच्चीवरून पडतो.

आकृती बाजूनं काढा, म्हणजे चेहरा एका अंगानं. डोळा मात्र समोरून दिसतो तसा पूर्ण. सगळा आकार काळ्यानं सपाट भरा, सावलीसारखा. आतलं काही काढू नका.

शिकायचं ते एक्सेकियास या चिताऱ्याकडून. व्हॅटिकनमध्ये त्याचा एक अँफोरा आहे, इ.स.पू. ५४० ते ५३०च्या दरम्यानचा. ट्रॉयच्या वेढ्यात अकिलीज आणि एजॅक्स हे दोन ग्रीक वीर समोरासमोर बसून सोंगट्या खेळतायत. अंगावर चिलखत, हातात भाले. अकिलीजच्या तोंडाजवळ लिहिलंय "चार", एजॅक्सच्या तोंडाजवळ "तीन". दोघं पुढं वाकलेत आणि त्यांच्या पाठीचा बाक भांड्याच्या पोटाच्या बाकाशी मिळतो. भाल्यांच्या तिरक्या रेघा वरून खाली उतरतात आणि आपली नजर खेळाच्या फळीवर नेऊन ठेवतात. अकिलीजनं शिरस्त्राण घातलंय, एजॅक्सचं मागं ढालीवर ठेवलंय. अंगरख्यांवरची नक्षी इतकी बारीक की माझ्या वडिलांनी तासन् तास पाहिली असती.

या चित्रात लढाई नाही. पण पाहणाऱ्या प्रत्येक ग्रीकाला पुढचं माहीत होतं. अकिलीज मरणार, एजॅक्स त्याचं प्रेत खांद्यावर उचलून आणणार आणि नंतर स्वतःच्या तलवारीवर पडून जीव देणार. क्लाइटियासच्या त्या क्रेटरच्या कानांवर एजॅक्सनं उचललेलं अकिलीजचं प्रेतच काढलंय. एक्सेकियासनं त्याच्या आधीचा एक निवांत क्षण घेतला, म्हणून ते चित्र पाहताना पोटात कालवतं.

तुम्हीही गोष्टीचा असा आधीचा क्षण शोधा. एका मुलाला अफजलखानाचा वध काढायचा होता. मी म्हटलं, वध सगळ्यांना माहीत आहे, तू शामियान्याकडे निघालेले महाराज काढ, बाहीत हात सारताना. त्यानं तसंच काढलं. मागं एक मावळा, दोघांची मान किंचित खाली. शेजारची आजी पाहायला आली आणि काही न बोलता बराच वेळ उभी राहिली.

मिरवणूक काढायची असेल तर आपल्याकडे गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, आहेच. माठाच्या पोटाभोवती सात नंदीध्वज फिरवले की पहिला ध्वज शेवटच्याच्या मागं येतो आणि मिरवणूक संपतच नाही. ग्रीक चितारी काळ्या आकृतीवर बायकांचे हात-चेहरे पांढऱ्यानं रंगवत. आम्ही तोच पांढरा ध्वज धरणाऱ्यांच्या अंगातल्या बाराबंदीसाठी वापरला. पोरांना मी इथं आठवण करून देते की आपल्या यात्रेतली नवरी कुंभाराची लेक आहे, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी तिचं लग्न लागतं. मडक्यावर काढायला याहून जवळची गोष्ट सोलापूरकराला मिळायची नाही.

कोरणं

सगळ्यात आनंदाचं काम हेच. काळा रंग हाताला लागेनासा झाला, पण अजून पूर्ण कडक झाला नाही, अशा वेळी दाभण घ्या आणि आतल्या रेघा ओरखडून काढा. डोळा, बोटं, केस, कापडाच्या चुण्या. काळ्याखालून माठाची तांबडी माती दिसू लागते. ॲक्रिलिक रंगाचे दोन पातळ हात दिले असतील तर अर्ध्या ते एक तासात ही वेळ येते. रंग जाड असेल तर खपली निघते, म्हणून पातळच द्या. दाभण सुरीसारखं दाबू नका, पेनासारखं धरा. गुडघ्यासाठी दोन लहान कंस, घोट्यासाठी एक. जॉन बीझली नावाच्या अभ्यासकानं हजारो भांड्यांचे कान, घोटे, गुडघे असेच ताडून पाहिले आणि सही नसलेल्या चिताऱ्यांचेही हात वेगळे ओळखले. वर्गात मीही आता न विचारता सांगू शकते, हा घोटा कुणाचा.

इ.स.पू. ५२०च्या आसपास अथेन्समध्ये उलटी पद्धत आली. भोवतीची जागा काळी, आकृती मातीच्या रंगाची, आणि आतल्या रेघा ब्रशनं. शरीराचे बाक, पाठमोरा माणूस, सुरकुती, सगळं सोपं झालं. दुसऱ्या वर्षी आलेल्या मुलांना मी ती देते. पहिल्या वर्षी दाभणच.

असा रंगवलेला माठ पाणी प्यायला वापरू नका. फुलं ठेवा, धान्य ठेवा.

खरी काळी

आतापर्यंतचं सगळं बाजारच्या रंगाचं. ग्रीकांकडे काळा रंग नव्हताच. जी माती भांड्याला, तीच माती रंगाला, फक्त फार बारीक गाळलेली. काळेपणा आणला तो आगीनं.

संक्रांतीची सुगडं आपल्याकडे काळी असतात, तेव्हा मला वाटायचं तेही असंच असेल. मामांनी फुटक्या सुगडाची एक खापरी भट्टीच्या निखाऱ्यात टाकली आणि तासाभरानं चिमट्यानं काढली. काळी खापरी तांबडी झाली होती. म्हणजे सुगडाचा काळा हा धुराच्या काजळीचा, उघड्या आगीत जळून जाणारा. ग्रीक काळा मातीतल्या लोखंडाचा असतो.

त्याची रीत अशी. तांबडी माती वस्त्रगाळ करून पाण्यात कालवा. आपलं बोअरचं पाणी जड, त्यात माती लगेच खाली बसते, म्हणून साठवलेलं पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या आणि चिमूटभर धुण्याचा सोडा टाका. उंच काचेच्या बरणीत एक दिवस न हलवता ठेवा. वर स्वच्छ पाणी, मध्ये पातळ तांबूस थर, खाली गाळ. मधला थर तेवढा रबरी नळीनं ओढून घ्या आणि उन्हात सायीएवढा दाट होऊ द्या. हा तुमचा रंग. तो न भाजलेल्या, वाळत आलेल्या भांड्यावर लावायचा. आमच्या काळ्या रानातली माती यासाठी घेऊ नका, ती वाळताना फाटते.

लावताना अडचण येते ती अशी की काहीच दिसत नाही. तांबड्यावर तांबडं. मामा मागं उभे राहून म्हणाले, "काय करलालाव ओ बाई? रंग दिसंना की." ग्रीक चितारी या जवळजवळ न दिसणाऱ्या रंगात काम करत. बोथट काडीनं ओल्या मातीवर आधी आराखडा दाबून घेत, त्या खुणा आजही काही भांड्यांवर सापडतात.

मग भट्टी, तीन टप्प्यांत. पहिल्यांदा हवा मोकळी, सुमारे ८०० अंशांपर्यंत, सगळं तांबडं. नंतर झरोके बंद करायचे, ओलं लाकूड घालायचं. आत हवा उरत नाही, आग मातीतल्या लोखंडाकडून प्राणवायू ओढून घेते आणि भांडं सगळंच काळं होतं. याच वेळी उष्णता ९००च्या वर गेली की बारीक मातीचा थर काचेसारखा मिटतो. शेवटी झरोके पुन्हा उघडायचे. हवा आत येते, भांड्याची सच्छिद्र माती पुन्हा तांबडी होते, पण मिटलेल्या थरात हवा शिरत नाही, म्हणून तो काळाच राहतो. एकाच भट्टीत, एकाच मातीचे दोन रंग.

मामांच्या विटांच्या लहान भट्टीत आम्ही सात बोळकी लावली. मुलांना त्या दिवशी घरी ठेवलं. ओल्या तुराट्या कोंबल्या, झरोके चिखलानं लिंपले. पहिल्या वेळी मी झरोके उशिरा उघडले, भट्टी निवत आली होती, आणि सातही बोळकी राखाडी निघाली. दुसऱ्या सातांपैकी तीन साधली. त्यातल्या एकावर मी काढलेला घोडा, पोट तांबडं, घोडा काळा आणि हाताला गुळगुळीत. मामांनी तो नखानं खरवडून पाहिला, भिजवून पाहिला, पुन्हा निखाऱ्यात ठेवून पाहिला. तो काळाच राहिला. त्यांच्या पिढ्यान् पिढ्या भट्टी लावत आल्या, झरोका कधी लिंपायचा हे त्यांना माहीतच होतं. त्यांनी फक्त पुन्हा उघडायची वेळ तेवढी नवी शिकून घेतली, आणि तिसऱ्या भट्टीला मला हात लावू दिला नाही.

नाव

शेवटी बुडाला किंवा कानाखाली नाव कोरा. ग्रीक भांड्यांवर दोन नावं येतात, घडवणाऱ्याचं वेगळं आणि रंगवणाऱ्याचं वेगळं. त्या मोठ्या क्रेटरवर क्लाइटियासबरोबर एर्गोटिमोस या कुंभाराचं नाव आहे. एक्सेकियासनं दोन्ही कामं केली, तर त्याचं भांडंच बोलतं: एक्सेकियासनं मला रंगवलं आणि घडवलं. त्लेसोन नावाचा एक कुंभार आपल्या वाट्यांवर नेहमी असं लिहायचा: निआर्कोसचा मुलगा त्लेसोन, यानं घडवलं. त्याचा बापही कुंभारच होता.

आमच्याकडे मुलं आपलं नाव लिहितात आणि मग माठ घेऊन मामांकडे जातात. पहिल्या वर्षी मामा नको म्हणाले. "भांड्यावर नाव कशाला? पाणी गार लागलं की कळतंय की कुणाचं हाय." मी त्यांना त्लेसोनचं सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले. मग माझ्या हातातलं दाभण घेतलं, माठ उपडा मांडीवर धरला आणि बुडावर आधी वडिलांचं नाव लिहिलं, त्याखाली स्वतःचं.